आठ घरं

आमोण्याच्या जेटीला ती बांधून होती
तीन पावसाळे. पोटात खनिज नाही,
तळाला कालवं.
आता परवाना आला, बॅटऱ्या नव्या आल्या,
आणि इंजिन बाराशेच्या वर चढेना.

"पंप गेला असणार," केवल प्रियोळकर म्हणाला.
वडलांच्या चार बार्जींतली ही त्याच्या वाटणीची.
पायात पांढरे बूट. इंजिनरूमची शिडी
तोंड बाहेर करून उतरतो, पडेल एक दिवस.

पंप गेला नव्हता.
मी नऊ पिनांचा प्लग खोचला, लॅपटॉप मांडीवर घेतला,
एकेक ओळ उजळत गेली:
तेलाचा दाब, पाण्याचं तापमान,
सहा इंजेक्टर आणि त्यांचे सहा आकडे,
कमाल वेग बाराशे,
आणि त्याच्यापुढे कुलूप.
बिघाड नव्हे. वेसण.
कुणीतरी शांतपणे बसून घातलेली.

माझे उस्ताद, रायचे इझिदोर मेस्त,
गव्हर्नरच्या स्क्रूवरचं शिशाचं सील पक्कडीनं तोडायचे,
अर्धा आटा फिरवायचे, कान लावायचे,
म्हणायचे, "देवान पळयलें, कंपनीन ना."
आता कंपनीनं आतच एक चहाडखोर बसवलाय.
किती वेळा हात लागला, कुठल्या लॅपटॉपचा,
किती तासांवर, सगळं मोजून ठेवतो.
हात कुणाचा, ते मात्र विचारू नका.

आत रेंज नाही. डेकवर आलो,
फोनवर ऑफिसातल्या मुलीला आकडे वाचून दाखवले:
इंजिन नंबर. तास अकरा हजार दोनशे सेहेचाळीस.
चहाड्या एकतीस. कारण, कोड हरवला.
"थांबा," म्हणाली.
थांबलो.
भरती चढत होती, दोर ताणून कुरकुरत होते,
पलीकडे खाजनात एक बाई गुडघाभर चिखलात
तिसऱ्या शोधत होती, एक एक, न बघता.

दीड तासानं अक्षरं आली.
एम मँगोचा, डी डोंगराचा, सात, सात, शून्य...
एकदाच चालतात ही.
चुकलं तर पुन्हा फोन, पुन्हा थांबा.
मी पेनानं तळहातावर लिहून घेतली
आणि शिडी उतरताना मूठ उघडी ठेवली, घामानं पुसू नयेत म्हणून.

कुलूप उघडलं.
कंपनीच्या चावीनं आत गेलं की
आधीच्याचा पासवर्डही दिसतो, रोमन लिपीत.
आठ घरं, आठही भरलेली.
मी आधी ते इंग्रजी समजून वाचलं, मग मराठी समजून:
बी ए के आय, आठ चार शून्य शून्य.

"बाकी म्हणजे काय? बॅकी?" केवलनं विचारलं.
शिडीच्या तोंडाशी राखणदार उकिडवा बसला होता.
त्यानं विडी विझवली.
"फटी गावस," म्हणाला. "डायवर.
खाण बंद झाली तेव्हा एक पगार ऱ्हावलो ताचो.
आता माशेलाक रिक्षा चलयता."
आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागला.

वरून कुणीतरी चहा खाली सोडला, दोरीनं, किटलीतून.
प्यालो. कुणी काही बोललं नाही.
"काढून टाका ते," केवल म्हणाला मग.
काढलं. कमाल वेग अठराशे.
नवा पासवर्ड त्यानं स्वतः टाकला,
दुसऱ्या हाताचा आडोसा करून,
जणू मी बघितला असता.

इंजिन चालू केलं. बाराशे, तेराशे,
पंधराशेला शिडी थरथरायला लागली,
किटलीचं झाकण वाजलं,
अठराशेला आम्ही एकमेकांशी खुणांनीच बोललो.
चहाड्या बत्तीस.

कामाच्या कागदावर तीन रकाने असतात.
काय बदललं: कमाल वेग.
कुणी: माझं नाव.
कारण: इथे पेन थोडा वेळ थांबलं.
मग लिहिलं, बाकी, ८४००.
केवलनं खाली सही केली,
न वाचता, इंजिनच्या कव्हरवर कागद ठेवून.
कागद हलत होता,
म्हणून सहीही वाकडी आली.